मॅथ्सच्या पोरांना सिक्युरिटीचं दार उघडून द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी सोलापुरात एमएस्सी मॅथ्सच्या सेकंड इयरला आहे, राहायला पूर्व भागात, वडील चादरीच्या कारखान्यात लूमवर आहेत. मला इन्फर्मेशन सिक्युरिटीत जायचंय, हॅकिंगचे व्हिडिओ बघून नाही, तर बीएस्सीला नंबर थिअरी शिकताना ते डोक्यातच बसलं म्हणून. सरांनी फळ्यावर 5 आणि 11 या मूळ संख्या घेतल्या, गुणाकार 55, कुलूप लावायची किल्ली 3, उघडायची 27. मी गुप्त निरोप म्हणून 8 घेतला, त्याचा घन केला, 512, त्याला 55 नं भागलं तर बाकी 17, मग घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर 17 चा 27 वा घात करत बसले, दर पायरीला 55 नं भागत भागत, आणि शेवटी बाकी आली परत 8! आई जेवायला हाका मारतीय आणि मी तिलाच वही दाखवतीय. हेच आरएसए, निरोप गुप्त करायचं 1977 चं तंत्र, फक्त 2048 बिटची किल्ली असली की 55 च्या जागी 617 अंकी आकडा असतो.

आता अडचण काय झाली की एमएस्सीला आमच्याकडे क्रिप्टोग्राफी, म्हणजे हे निरोप गुप्त ठेवायचं शास्त्र, नुसती ऑप्शनल, आणि पोरं कमी म्हणून ते ऑप्शन यंदा उघडलंच नाही. इंटरव्ह्यूला गेले तर पहिला प्रश्न, पायथॉन येतं का, नेटवर्किंग केलंय का. आणि कॉम्प्युटरच्या पोरांना हे सगळं येतं पण फायनाइट फील्ड (मोजक्याच घटकांचं, बेरीज-गुणाकार-भागाकार चालणारं गणित) म्हटलं की ती गप्प, खरं तर एईएस हे माहिती गुप्त करायचं दुसरं तंत्र उभंच आहे 256 घटकांच्या फील्डवर. म्हणजे अर्धं इकडं, अर्धं तिकडं.

माझं म्हणणं एवढंच की ज्याला सिक्युरिटी करायचीय त्याला एमएस्सीत अल्जेब्रा, नंबर थिअरी, प्रोबॅबिलिटी आणि क्रिप्टोग्राफी कंपल्सरी करा, सोबत प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल, नेटवर्किंगचा एक पेपर आणि शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट. त्यासाठी एखादा पीडीईचा (पार्शल डिफरन्शियल इक्वेशनचा) पेपर कमी झाला तरी चालेल. अ‍ॅनालिसिस मात्र काढू नका, प्राध्यापकीच्या नेट परीक्षेला लागतं आणि विचार करायची सवय त्यानंच लागते. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं क्वांटम कॉम्प्युटरपुढं टिकतील अशी क्रिप्टोग्राफीची तीन स्टँडर्ड काढली, त्यातली दोन लॅटिसवर, म्हणजे जाळीसारख्या बिंदूंच्या रचनेवर आहेत, आणि आम्ही लिनियर अल्जेब्रा बीएस्सीला एकदा, एमएस्सीला एकदा शिकलो तरी या लॅटिसचं नाव वर्गात निघालं नाही.

आपल्याकडं डोकी नाहीत असं कुणी म्हणू नये. 2002 साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल सरांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांच्याबरोबर संख्या मूळ आहे का हे झटपट आणि खात्रीनं ओळखायची रीत काढली, ती दोघं तेव्हा नुकती बीटेक झालेली पोरं होती.

आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब दुपारी चारनंतर रिकामीच असते, तिथले एक सर शिकवायलाही तयार आहेत. माझं तर हे शेवटचं वर्ष, पण फर्स्ट इयरच्या पोरांचे ऑप्शनचे फॉर्म निघायच्या आत तरी अभ्यास मंडळानं यावर एक मीटिंग घ्यावी.

आपली,
एक विद्यार्थिनी, सोलापूर