आईच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर ड्रॅगचा विषय निघाला आणि बाबांनी "नुसती थेरं" म्हणून तो मिटवून टाकला. आईचा प्रश्न मात्र तसाच राहिला: पुरुषांनी बाईचा वेश करून नाचायचं, ही बायकांची टिंगलच नाही का?

बाबा, आधी तुमचे बालगंधर्व घेते. त्यांच्या भामिनी-रुक्मिणीचं बघून बायका तसं नेसायला, तशी केशरचना करायला लागल्या. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याला तुम्ही थेरं म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण त्या काळी घरंदाज बाईला रंगमंचावर उभं राहायची सोयच नव्हती. फाळक्यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण त्या कामाला बाई मिळेना. बाई कशी दिसावी, कशी लाजावी हे पुरुष करून दाखवणार आणि बाईने ते बघून शिकायचं! नीतीचाच प्रश्न काढायचा तर मला तो तिथे जास्त टोचतो. आजचा ड्रॅग कलाकार कुणा बाईची जागा अडवत नाही. उलट बायकाही पुरुषी वेश करून उभ्या राहतात. त्यांना ड्रॅग किंग म्हणतात.

म्हणून सगळंच माफ, असं नाही. साडी नेसलेला पुरुष आला की जाडी, काळी, लग्न न जमणारी असले विनोद सुरू होतात, तिथे आई, तुझं अगदी बरोबर आहे. ड्रॅगमध्येही असे लोक आहेत. पण टीव्हीवर हेच चालतं तेव्हा आपण जेवता जेवता हसतो, आणि त्याला ड्रॅग म्हणायचं कुणाला सुचत नाही. चांगला कलाकार भलामोठा विग आणि पंख्याएवढ्या पापण्या लावून येतो, तेव्हा बाईने सदानकदा नटूनथटून राहावं या अपेक्षेचीच तो फजिती करतो. त्यावर सगळ्यात मोठ्याने बायकाच हसतात.

दुसरी बाजूही आहे. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या रंगवला. लोक पोट धरून हसले, आणि पडद्याबाहेर त्या संसारी माणसाला त्याच भूमिकेवरून टोमणे मारले. त्यांच्या कामात मला काही गैर दिसत नाही. हसणाऱ्यांच्या वागण्यात दिसतं.

इकडे आलात की एका कार्यक्रमाला नेईन. बाबा, कंटाळलात तर मध्येच उठू. आई, यातले बरेच जण आपले कपडे स्वतः शिवतात. तू शिवण उलटून बघितल्याशिवाय राहणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

तुमची लेक