गोळी घेतली का, हे विचारणारे कुणी हवे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

जागतिक हृदयदिनाच्या निमित्ताने आपल्या आरोग्य पुरवणीत औषधांची आठवण करून देणाऱ्या मोबाइल अ‍ॅपविषयी वाचले. वाई परिसरात मी बावीस वर्षे मेडिकल चालवतो, त्यामुळे वाचताना काउंटरपलीकडे उभे राहणारे चेहरेच डोळ्यांपुढे येत होते. अँजिओप्लास्टी करून आलेला माणूस पहिल्या महिन्यात फाइल छातीशी धरून येतो आणि एकेक पाकीट मोजून घेतो. दुसऱ्या महिन्यात मुलगा येतो. तिसऱ्या महिन्यात निरोप येतो, 'फक्त बीपीची द्या, बाकीच्या आहेत घरात.' घरात काही नसते, हे मला माझ्या वहीवरून कळते.

आमचे एक गिऱ्हाईक निवृत्त गुरुजी आहेत. स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकल्यावर नातवाने त्यांच्या फोनमध्ये असे अ‍ॅप घालून दिले. एकदा सकाळी ते दुकानात ऊसबिलाची गोष्ट रंगवून सांगत असताना बरोबर नऊला फोन वाजला. गुरुजींनी तो काढला, 'घेतली' या बटणावर बोट ठेवले, फोन परत खिशात टाकला आणि बिलाची गोष्ट पुढे चालू. मी विचारले, गोळी? म्हणाले, "ती घरी आहे हो. हे दाबलं नाही तर दर दहा मिनिटांनी कोकलतं." पुण्यातल्या नातवाला मात्र रोज हिरवी खूण दिसत होती.

गोळी विसरण्यामुळे सुटते असे आपण धरून चालतो. विसरतात, नाही असे नाही. पण माझ्या अनुभवात बहुतेक जण ती ठरवून सोडतात. बरे वाटते म्हणून सोडतात. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सोडतात. तो गोळीमुळे नॉर्मल आला, हे कुणी सांगितलेले नसते. नवरात्रात नऊ दिवस उपवास, रिकाम्या पोटी नको, म्हणून सोडतात आणि दसऱ्यानंतर सुरू करायचे राहून जाते. दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्याच मनाने बंद करणारेही मी पाहिले आहेत. स्टेंट टाकल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हा खेळ जिवावर बेतू शकतो, कारण स्टेंटमध्येच गुठळी होते. अलार्मला यातले काय कळणार?

रुग्णालयांचे मेसेज हा आणखी एक प्रकार. एका मोठ्या रुग्णालयाचा मेसेज मी पाहिला. इंग्रजीत होता आणि जात होता पेशंटच्या भाच्याला, कारण भरतीच्या दिवशी फॉर्म त्याने भरला होता.

या विषयावर परदेशांत आणि आपल्याकडे अभ्यास झाले आहेत. सिडनीत ७१० हृदयरुग्णांना सहा महिने आठवड्याला चार मेसेज पाठवले, तेव्हा कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब उतरला, सिगारेटही बऱ्याच जणांची सुटली. हे निष्कर्ष २०१५ साली आले आणि मोठा गाजावाजा झाला. पण पुढे ऑस्ट्रेलियातच त्याच्या दुप्पट रुग्णांवर केलेल्या चाचणीत औषधे घेण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही. आपल्या देशात पक्षाघाताच्या चार हजारांवर रुग्णांवर अशीच चाचणी झाली. बारा भाषांत मेसेज आणि व्हिडिओ पाठवूनही दुसऱ्या झटक्यांचे प्रमाण घटले नाही. मला जास्त पटला तो केनियातला प्रयोग. रोग वेगळा होता, एचआयव्ही. तिथे आठवड्यातून एकदा नर्सकडून फक्त 'मांबो?' असा मेसेज जाई, म्हणजे 'कसं काय?' पेशंटने दोन दिवसांत उत्तर द्यायचे, ठीक आहे किंवा अडचण आहे. अडचण कळवली, किंवा उत्तरच आले नाही, तर नर्स स्वतः फोन करायची. ते पेशंट गोळ्या अधिक नियमित घेऊ लागले.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी हेच न वाचता केले आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. काकांनी गोळी गिळली की त्या चिंचवडच्या मुलाला मिस्ड कॉल देतात. साडेनऊपर्यंत मिस्ड कॉल नाही आला की मुलगा फोन करतो आणि मग नुसते गोळीचे नाही, दम लागतो का, पाय सुजलेत का, तेही विचारले जाते.

सरकारला हे जमणार नाही असे कुणी म्हणू नये. रक्तदाबाच्या रुग्णांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात पहिल्यांदा सुरू झाला तो सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत. तारखेला न आलेल्यांची यादी नर्सच्या मोबाइलवर येते आणि ती त्यांना फोन लावते. एवढीच युक्ती आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ज्यांना स्टेंट बसतो त्यांची नावे सरकारकडे असतातच. त्यांना पहिले वर्षभर महिन्यातून एक फोन व्हावा, मराठीत, आणि डिस्चार्जच्या वेळी घरात प्रत्यक्ष गोळी काढून देणाऱ्या माणसाचा नंबर लिहून घ्यावा. बहुतेक घरांत ती बायको किंवा सून असते, भाचा नव्हे. आम्हा औषधविक्रेत्यांनाही यात ओढले तर आमची हरकत नाही. कुणाचे पाकीट संपून आठ दिवस झाले, हे आम्हाला सगळ्यांच्या आधी कळते.

गुरुजींना मी आता दर रविवारी फोन करतो. सुरुवातीला त्यांना राग येई. गेल्या रविवारी मात्र तेच म्हणाले, "बरं झालं केलास. बुधवारी दाढ काढायची आहे, ती पातळ करायची गोळी आजपासूनच बंद करू ना?" मी त्यांना आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितले आणि अर्ध्या तासाने लावला का, ते परत विचारले.

आपला,
एक औषधविक्रेता, वाई (जि. सातारा)