चिनूच्या दाताविषयी

ती. आई-बाबांना सा. न.

"निखळलेला दात परत बसतो?" असं बाबांनी फोनवर तीनदा विचारलं, म्हणून सविस्तर लिहितेय. बसतो, पण वेळेवर धावपळ केली तरच. मुळावर जिवंत पेशींचं पातळ आवरण असतं, तेच दात हाडात धरून ठेवतं. दात कोरडा राहिला तर तासाभरात त्या पेशी मरतात. साध्या पाण्यातही टिकत नाहीत, दुधात मात्र काही तास तग धरतात. शाळेतल्या बाईंना हे माहीत होतं, म्हणून आपला दात दुधाच्या पेल्यातून दवाखान्यात पोचला!

डॉक्टरांनी तो जागी बसवून शेजारच्या दातांना बारीक तारेने चिकटवलाय. तार मुद्दाम लवचिक ठेवलीय, दात थोडा हलता राहावा म्हणून. दोन आठवड्यांनी काढतील.

बाबा, रूट कॅनॉल एवढ्यात नाही. चिनू आठ वर्षांचा आहे, एक्स-रेत मुळाचं टोक अजून उघडं दिसतंय. तिथून रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाला तर मूळ वाढतही राहील. नाही झाला किंवा संसर्ग दिसला, तर करावंच लागेल. मोठ्या मुलांमध्ये टोक मिटलेलं असतं, त्यांचं दोन आठवड्यांच्या आत करतात.

हमी कुणीच देत नाही. मूळ झिजू शकतं, किंवा हाडालाच चिकटतं. मग जबडा वाढतो आणि हा दात मागे राहून आखूड दिसतो. म्हणून पुढची पाच वर्षं तपासण्या. "त्यापेक्षा इम्प्लांट करून टाका" म्हणालात, पण वाढत्या जबड्यात तो बसवत नाहीत. हा दात काही वर्षं टिकला तरी मला चालेल, तेवढं हाड तरी शाबूत राहील.

आई, सुट्टीत सगळी पोरं तुझ्याकडे असतील. असं काही झालंच तर दात पांढऱ्या भागाला धर, मुळाला हात नको. माती लागली असेल तर नळाखाली क्षणभर धर, घासू नकोस. मग खाचेत सरळ बसवून रुमाल चावून धरायला सांग. धीर होत नसेल तर दूध आहेच, पण थांबू नका, थेट दातांच्या डॉक्टरांकडे. नुसता तुकडा पडला तर तोही शोधून न्या, बऱ्याचदा चिकटवता येतो. धाकटीचे दुधाचे दात मात्र परत बसवायचे नाहीत, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

चिनू सध्या मऊ जेवतोय आणि त्यावर कुरकुरतोय. बाबा, त्याला फोनवर विनोद सांगू नका, ओठाला टाके आहेत.

तुमची,
मनू