गुरुवारचे दोन तास

संपादक महोदय,

मी परिचारिका आहे. ड्यूटी, घर, मुलांचा अभ्यास यांतून गुरुवारी रात्री नऊ ते अकरा ही वेळ मी व्हिडिओ गेमसाठी राखून ठेवते. शिफ्ट बदलली तर वार बदलते, वेळ सोडत नाही. उरलेल्या वेळात खेळू म्हटलं की वेळ उरतच नाही.

‘हे व्यसनच’ असं काहीजण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, हे खरं. पण तिथे निकष तासांचा नाही. ताबा सुटणं, इतर सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसूनही तो चालू राहणं, हे निकष आहेत. ठरलेली वेळ तर ताबा राखायलाच मदत करते.

अपडेट आदल्या रात्रीच उतरवून ठेवावेत, नाहीतर निम्मा वेळ त्यातच जातो. ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही, म्हणून साडेदहानंतर नवा सुरू करू नये. ‘सिव्हिलायझेशन’सारखा एकेक चाल करत खेळायचा गेम कुठेही सेव्ह होतो, पण ‘अजून एकच चाल’ म्हणत मध्यरात्र होते तीही त्यातच. तिथे गजर हवाच.

आपल्या आरोग्य पुरवणीत मोठ्यांच्या खेळण्याबद्दलही जरूर लिहावं.

– एक वाचक