ट्रॅक्टरनं गोफण घेतली तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ कांदा काढायला आला की मजुरांसाठी दारोदार फिरावं लागतं. म्हणून आम्ही तालुक्याच्या एका वर्कशॉपमधून कांदा भरायचं यंत्र करून घेतलं. माती झाडायची जाळी पीटीओवर, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर फिरते आणि तिथून कांदा ट्रॉलीत चढवणारा पट्टा ट्रॅक्टरच्या पंपाच्या तेलावर चालणाऱ्या हायड्रॉलिक मोटरवर. मोटर १६० सीसीची, म्हणजे एका फेऱ्याला १६० सीसी तेल घेणारी. जुन्या ट्रॅक्टरवर तीन हंगाम बिनतक्रार चाललं. यंदा ५० एचपीचा नवा ट्रॅक्टर घेतला, मागच्या कपलरला (तेलाच्या जोडणीला) पाइप जोडले, लिव्हर ओढला आणि कांदे ट्रॉलीवरून उडून शेजाऱ्याच्या घासाच्या रानात जाऊन पडले. वडील बांधावर बसले होते. म्हणाले, "गोफण लावलीस का रे ट्रॅक्टरला?"

हसून झालं, पण जे कांदे ट्रॉलीच्या फाळक्यावर आपटले त्यांचं काय? मार लागलेला कांदा चाळीत आधी सडतो, शेजारच्या चार कांद्यांना घेऊन सडतो.

जो तो सांगे, रेस कमी कर. पण मग जाळी मंदावते, माती झडत नाही. शेवटी प्रेशरचा पाइप २० लिटरच्या कॅनमध्ये घट्ट बांधला, जाळीला लागते तेवढीच रेस ठेवली आणि मोबाइलवर वेळ लावली. २० सेकंदांत १५ लिटर तेल! म्हणजे मिनिटाला ४५. जुना ट्रॅक्टर जेमतेम २० देत होता. १६० सीसीच्या मोटरला २० लिटरवर सव्वाशे फेरे पडतात, ४५ लिटरवर २८०. पट्टा दुपटीहून जोरात पळणारच, त्यात ट्रॅक्टरचा दोष नाही. (तेल गाळून परत ओतलं, काळजी नसावी.)

मिस्त्रींनी तोडगा काढला: प्रेशरच्या पाइपवर साधा कॉक. पट्टा ताळ्यावर आला खरा, पण ट्रॅक्टरच्या पोटातून 'सूं' आवाज सुरू झाला आणि अर्ध्या तासात तेलाच्या हाउसिंगला हात लावता येईना. कारण पंप ४५ लिटर ढकलतच असतो. मोटरकडे २० गेले, तर उरलेलं २५ लिटर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) उघडून, १८० बार दाबानं परत जातं. हिशेब केला तर साडेसात किलोवॅट, म्हणजे दीड किलोवॅटच्या पाच शेगड्या तेलात पेटवल्यासारखं. आणि माझ्या ट्रॅक्टरला गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच आहे, म्हणजे गिअरबॉक्सही त्याच तापलेल्या तेलात.

मग तीन तोंडांचा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह बसवला. एका तोंडातून तेल आत येतं, दुसऱ्यातून ठरवलेलं २० लिटर मोटरला जातं, तिसऱ्यातून जास्तीचं थेट टाकीत. पंपावर आता पट्ट्याला लागेल तेवढाच दाब येतो. आमच्याकडे दाबाचं घड्याळ चाळीस बारच्या आसपास दाखवतं. उष्णता थोडी होते, पण हाउसिंगवर हात टिकतो.

तोवर मोटरच्या शाफ्टचं सील मात्र गेलं होतं. रिटर्नचा, म्हणजे मोटरमधून तेल परत नेणारा पाइप ट्रॅक्टरच्या डीसी व्हॉल्व्हमधूनच (लिव्हरनं तेलाची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हमधूनच) परत जायचा. लिव्हर झटकन न्यूट्रलला आणला की फिरत्या मोटरच्या तेलाला वाटच उरत नाही, दाब सीलवर येतो. आता रिटर्न सरळ टाकीत सोडलाय. पलटी नांगराचा सिलिंडर असता तर एवढं झालं नसतं. तिथे जास्त तेल आलं तर नांगर जरा लवकर पलटतो, इतकंच. मोटर तासन् तास फिरते, तिथे प्रत्येक लिटर मोजावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच की ट्रॅक्टर घेताना विक्रेता एचपी सांगतो, उचल किती किलोची तेही सांगतो, पण पंप मिनिटाला किती तेल देतो हे मी विचारलं तर त्यानं मला सीट कव्हर दाखवलं. ट्रॅक्टरच्या पंपाचा प्रवाह मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी ट्रॅक्टर चाचणी केंद्राच्या अहवालात असतो, तो शोरूमच्या माहितीपत्रकात छापायला काय हरकत आहे? आणि अवजाराच्या प्लेटवर नाव, साल, वजन असतं, तिथेच 'तेल किती लिटर, दाब किती बार' एवढ्या दोन आकड्यांची सक्ती व्हावी. अनुदानाच्या यादीतल्या अवजारांपासून कृषी विभागाला ही सुरुवात करता येईल.

आमच्या यंत्रावर मी ऑइल पेंटनं लिहून टाकलंय: '२० लिटर. जास्त नको.'

आपला,
एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक