यमनमधली 'टिंग'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही आठवडे आपल्या वाचकपत्रांत मुलांच्या मोबाइलवेडाबद्दल बरंच छापून येतंय. कुणी म्हणतं दिवसाला एक तास द्या, कुणी म्हणतं दोन. एका आजोबांनी तर फोन कपाटात कुलूप लावून ठेवायला सांगितलंय. आधीच कबूल करते, की ही सगळी पत्रं मी मोबाइलवरच वाचली. आमच्याकडे ग्वाल्हेरला आपला छापील अंक येत नाही. म्हणजे आपलं वर्तमानपत्र वाचण्यात गेलेला रोजचा अर्धा तासही माझ्या 'स्क्रीन टाइम'मध्येच धरला जातो. मिनिटं मोजण्याच्या या हिशेबाबद्दलच माझी तक्रार आहे.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, जीवाजीगंजात गाणं शिकवते. बत्तीस वर्षं झाली. मराठी घरातली मुलं मला ताई म्हणतात, हिंदी बोलणारी 'मॅडमजी' म्हणतात, आणि दोघांचेही सूर सारखेच उतरतात. संध्याकाळी सहा ते साडेसात वर्ग असतो. माझ्या गुरुजींचा मिरजेचा तानपुरा अजून माझ्याकडे आहे, पण इथल्या मे महिन्यातल्या लूमध्ये, म्हणजे गरम वाऱ्यात, तो दर दहा मिनिटांनी उतरतो, आणि आठवीतल्या मुलीला तो सुरात जुळवायला शिकवायचं तर तिचं गाणं राहूनच जाईल. त्यामुळे सात-आठ वर्षांपासून वर्गात तानपुरा मोबाइलचाच. काळी चार ही पट्टी लावली, पहिली तार पंचमाची की मध्यमाची ते निवडलं, फोन स्टँडवर ठेवला, झालं. घरीही मुलं त्यावरच रियाज करतात. ज्या वस्तूनं मुलांचं लक्ष उडतं म्हणून आपण ओरडतो, तीच वस्तू माझ्या मुलांना षड्ज, म्हणजे मूळ 'सा', देते. कपाटात कुलूप लावून कसं चालेल?

मागच्या महिन्यातली गोष्ट. एक मुलगी यमन राग गात होती. वय तेरा, गळा चांगला, स्वभाव चंचल. त्या दिवशी मात्र छान लागला होता. निषादावर, म्हणजे 'नी'वर, थांबली होती, डोळे मिटलेले, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, आता घाई करू नकोस, आता सावकाश षड्जावर ये. तेवढ्यात 'टिंग'. फोनमधला तानपुरा क्षणभर दबला, परत वर आला. ती टिंग षड्ज आणि कोमल ऋषभाच्या मध्ये कुठेतरी होती, कुठल्याच सप्तकात न बसणारी. मुलीचे डोळे उघडले आणि सरळ स्क्रीनवर गेले. निषाद तसाच लोंबकळत राहिला. कोणत्या तरी गेमनं कळवलं होतं, की आम्हाला तुझी आठवण येतेय.

मी रागावले नाही. उठून स्वयंपाकघरातून एक वाटी आणि मूठभर चिंचोके आणले. म्हटलं, आज फोनचा आवाज बंद करू नकोस, टिंग झाली की एक चिंचोका वाटीत टाक. साडेसातला मोजले तर सत्तावीस. मग दोघींनी बसून बघितलं, कुणाचे किती. अकरा शाळेच्या ग्रुपचे. सहा कोचिंगचे. तीन घरच्या ग्रुपवर मामांनी पाठवलेल्या सुविचारांचे. दोन खाण्याचे पदार्थ घरपोच देणाऱ्यांचे. एक आईचा: 'पोहोचलीस का?' बाकीचे तो गेम आणि त्याचे भाऊबंद. तिच्या एका मैत्रिणीचाही नव्हता. मुलं एकमेकांत गुंततात म्हणून आपण ओरडतो, आणि दीड तासाच्या वर्गात फोन वाजवणारी जवळजवळ सगळी मोठी माणसं!

या मुलीचे वडील शिस्तीचे. त्यांनी तिच्या फोनमधल्या झाडून सगळ्या ॲपवर रोज अर्ध्या तासाची मर्यादा लावून ठेवली होती. हेतू चांगला. पण ही मर्यादा संपली की अँड्रॉइडमध्ये ते ॲप बंद होतं, त्याचं चिन्ह फिकट पडतं, आणि मध्यरात्रीनंतरच परत उघडतं. त्यामुळे घरी अंतरा चालू असताना रोज तिचा तानपुरा बंद पडायचा. शाळेचा ग्रुप मात्र दिवसभर टिंग टिंग करत असे, कारण प्रत्येक वेळी ती तो चार सेकंदच बघायची. चार सेकंदांची अर्ध्या तासात काय गणती! मिनिटांच्या हिशेबात तानपुरा व्यसन ठरला आणि टिंग निर्दोष सुटली.

वडिलांना समजावायला मला वर्गातल्या एका कॉलेजच्या मुलाची मदत घ्यावी लागली. फोनमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' म्हणून एक जागा असते. 2018 मध्ये गूगलनं ती दिली, त्याच वर्षी ॲपलनंही 'स्क्रीन टाइम' आणलं. दुकानदारानंच गिऱ्हाइकाला कमी खा म्हणण्यातला प्रकार, पण ते असो. तिथे सगळे जण फक्त वरचा मोठा आकडा बघतात: चार तास, पाच तास. त्याच ठिकाणी आणखी दोन आकडे असतात, फोन किती वेळा उघडला आणि किती सूचना आल्या. वडिलांनी स्वतःचा फोन उघडून पाहिला. वेळ दोन तास दहा मिनिटं. मान ताठ झाली. मग उघडल्याचा आकडा पाहिला, एकशे चौदा. त्यावर काही बोलले नाहीत, चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी मुलीच्या तानपुऱ्यावरची मर्यादा उठली होती.

माझं म्हणणं इतकंच आहे, की कुणी किती वेळ फोन बघितला यापेक्षा फोन किती वेळा मध्ये आला हे मोजा. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटाच्या आसपास जातं, कधी त्याहूनही जास्त. ज्या मुलाचं लक्ष दर तीन मिनिटांनी तुटतं, त्याला जेमतेम दोन-तीन आवर्तनं सलग मिळतात. मग बढत, म्हणजे रागाची सावकाश वाढ, कसली करायची? आमच्या ग्वाल्हेरची गायकी तर सावकाश उलगडणाऱ्या ख्यालाचीच. हस्सू खाँ, हद्दू खाँ इथे गायले, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, 1918 मध्ये भातखंड्यांनी माधव संगीत महाविद्यालय इथेच उभं केलं. 2023 मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं तेव्हा बाड्यावर, म्हणजे इथल्या मुख्य चौकात, फटाके फुटले नाहीत, पण आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. त्या गल्लीतली मुलं आता मला पहिल्याच महिन्यात विचारतात, 'ताई, ती वेगवान तान कधी?'

त्याचं कारण मला माझ्याच फोननं शिकवलं. रात्री साडेनऊनंतर मी रील बघत असे. बघत असे म्हणजे काय, गाण्याचीच. या गवयाची तीस सेकंदांची तान, त्या बाईंची सरगम, मग कुणाची तरी तिहाई. सगळं उत्तम, आणि सगळं शेंड्याचं. आधीची पंचवीस मिनिटं कापून टाकलेली. महिनाभरानंतर एका मैफलीला बसले तर आलाप चालू असताना माझंच मन म्हणायला लागलं, आता पुढे चला. साठी उलटलेल्या, ख्यालावर वाढलेल्या बाईचं! मी घाबरले. अशी सरकत राहणारी, कधी न संपणारी फीत 2006 मध्ये अझा रास्किन नावाच्या माणसानं आखली, आणि पुढे त्यानं त्याबद्दल उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला. मला त्यातलं तंत्र कळत नाही, पण एवढं कळतं की तालाला सम असते. बारा मात्रा झाल्या की गाडी घरी येते, तिथे थांबता येतं, श्वास घेता येतो. त्या फितीला समच नाही. थांबायची जागाच ठेवलेली नसेल तर माणसाच्या निग्रहाला दोष देऊन उपयोग काय?

मी स्वतःवर अर्ध्या तासाची मर्यादा लावून बघितली. तिसऱ्या दिवशीच ती कशी वाढवायची ते शिकले. ज्याच्या खिशात किल्ली, त्यानंच कुलूप लावायचं, हा प्रकार माझ्याच्यानं निभला नाही. शेवटी रीलवालं ॲपच काढून टाकलं. फार त्रास झाला असं नाही, पहिले चार दिवस रात्री हात उगाच उशाकडे जायचा, इतकंच.

मला पटला तो उपाय सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा. 2022 पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. मग दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा. यात मिनिटांची उधारी नाही, कुणाचे उरले आणि कुणाचे संपले ही भांडणं नाहीत. वेळ ठरलेली, ती सगळ्यांना सारखी, आणि मोठ्यांनाही. लहानांनी फोन ठेवायचा आणि मोठ्यांनी 'ऑफिसचं काम आहे' म्हणून चेहरा निळा करत बसायचं, हे तिथे चालत नाही.

आम्ही आमच्यापुरता भोंगा केला. माझ्या मुलाचा जुना फोन, काच तडकलेली, सिम काढून टाकलेलं, वायफाय बंद. त्यात फक्त तानपुरा आणि तबला. तो आता वाद्य म्हणूनच ओळखला जातो, दुपारी हार्मोनियमशेजारी खोळीत राहतो. बाकीचे फोन सहा वाजता देवघराजवळच्या पितळी डब्यात, वरून झाकण. पालक घ्यायला लवकर आले तर त्यांचाही. पहिल्या आठवड्यात डबा आतून घणघणायचा, देवापुढे कुणी घंटा वाजवतंय असं वाटायचं. मग मुलांनी स्वतःहूनच आवाज बंद करून ठेवायला सुरुवात केली. यमनवाल्या मुलीच्या घरीही आजीचा जुना फोन आता तानपुरा झालाय.

शाळांना मात्र मी हात जोडून सांगते. एका दिवसाचा अभ्यास अकरा तुकड्यांत कशाला? दुपारी तीन वाजता एकच निरोप पाठवा. वही, चित्रकलेचे रंग, उद्याची सुट्टी, सगळं त्यात. आमच्या एका शाळेतल्या बाईंना मी हे बाजारात भाजी घेताना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अहो, मुख्याध्यापक जसजसं आम्हाला पाठवतात तसतसं आम्ही पुढे ढकलतो.' म्हणजे टिंगही वरूनच येते.

आणि संपादक महोदय, राग मानू नका. परवा संध्याकाळी मी डब्यात टाकलेल्या माझ्या फोनवर सहा ते साडेसातच्या दरम्यान आपल्या वर्तमानपत्राच्या ॲपनं चार सूचना पाठवल्या. एक अपघाताची, दोन क्रिकेटच्या, एक सोन्याच्या भावाची. सोनं मी घेणार नाही, क्रिकेट मला कळत नाही, आणि अपघाताची बातमी सकाळी चहाबरोबर वाचली असती तरी चाललं असतं. आपल्या सूचना मी बंद केल्या आहेत. अंक वाचते, आजही वाचला. हे पत्र छापलंत तर कृपया त्याची सूचना पाठवू नका, सकाळी मीच उघडून बघीन.

आपली,
जीवाजीगंजातील एक गायनशिक्षिका,
लष्कर, ग्वाल्हेर