मॉरिशसच्या नोंदवह्यांत अडकलेली आपली गावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पासपोर्टच्या इतिहासावरील लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे, पण त्यात फोटो लावलेल्या ओळखपत्राची आणि प्रवासावरील सरकारी नियंत्रणाची सुरुवात पहिल्या महायुद्धापासून धरली आहे. युरोपपुरते ते बरोबर आहे. आपल्याकडेही 1917 चे पासपोर्टविषयक नियम आणि त्यानंतरचा 1920 चा कायदा ही युद्धाचीच देणगी होती. परंतु हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटावर त्याच्या पन्नास वर्षे आधी हिंदी मजुरांना स्वतःचा फोटो असलेले तिकीट बाळगल्याखेरीज रस्त्याने चालण्याचीही मुभा नव्हती. त्या मजुरांत रत्नागिरी, सातारा, ठाणे या जिल्ह्यांतली आपली माणसे होती. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवूनही मला स्वतःला हे फार उशिरा समजले, म्हणून हे पत्र.

2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन मॉरिशसमधील पोर्ट लुईच्या बंदराला लागले. 1 फेब्रुवारी 1835 पासून तिथली गुलामगिरी कायद्याने संपणार होती आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते, हे त्यामागचे उघड कारण. पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर पाच-पाच वर्षांच्या करारावर त्या बेटावर उतरले. त्या कराराला, म्हणजे अ‍ॅग्रीमेंटला, मजुरांनी ‘गिरमिट’ म्हटले आणि त्यावरूनच ‘गिरमिटिया’ हा शब्द आला. सुरुवातीच्या भरतीतील फसवणुकीचा गवगवा झाल्यावर हिंदुस्थान सरकारने काही काळ ही वाहतूक बंद ठेवली. 1842 मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरालाही परवानगी मिळाली, आणि मजुरांची नोंद ठेवण्यासाठी मॉरिशसमध्ये ‘प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स’ हे पद निर्माण झाले.

1849 मध्ये पोर्ट लुईच्या धक्क्यावर मजुरांसाठी डेपो बांधला गेला. होडीतून उतरलेला माणूस दगडी पायऱ्या चढून वर येई आणि दोन-तीन दिवस तिथेच राही. तेवढ्या वेळात त्याला एक नंबर मिळे, आणि नोंदवहीत त्या नंबरासमोर त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, गाव आणि ज्या मळ्यावर तो जाणार त्याचे नाव लिहिले जाई. जहाजावर साथ असली तर धक्क्याला लागण्याआधीच त्याला अडवले जाई. 1856 साली कॉलऱ्याच्या भीतीने दोन जहाजांवरील मजुरांना गॅब्रिएल या ओसाड बेटावर उतरवून ठेवले आणि तिथे दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. हा डेपो पुढे ‘कुली घाट’ म्हणून ओळखला जाई. आज त्याचे नाव ‘आप्रवासी घाट’ आहे आणि 2006 पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पण बेटावर येणाऱ्याची नोंद ठेवणे आणि बेटावर राहणाऱ्याला जखडून ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मॉरिशसचा इतिहास दुसऱ्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवा. पाच वर्षांचा करार पुरा झाला की मजूर कायद्याने मोकळा होई. कोणी भाजीचा मळा करू लागे, कोणी फेरीवाला होई, कोणी गाईम्हशी पाळून दूध विके. मळेवाल्यांना हे परवडणारे नव्हते. मलेरियाच्या साथीने बेटावर हाहाकार उडवला होता त्याच 1867 साली नवा मजूर कायदा आला आणि प्रत्येक ‘जुन्या’, म्हणजे करार संपलेल्या, मजुराला फोटो असलेले तिकीट आणि त्याच्या जोडीला पोलिसांचा पास बाळगणे सक्तीचे झाले. पासवर लिहिलेला जिल्हा ओलांडला, धंदा बदलला, कागद घरी राहिला किंवा हरवला, तर तो माणूस ‘भटक्या’ ठरून पकडला जाई. सुटका हवी असेल तर सोपा मार्ग एकच उरे, तो म्हणजे पुन्हा मळ्यावर करार लिहून देणे. कागद ओळखीसाठी होता असे सरकार म्हणे; प्रत्यक्षात तो माणसाला उसात परत ढकलण्यासाठी होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

याविरुद्ध जो अर्ज झाला तो आपल्या शालेय पुस्तकांत यायला हवा होता. अडोल्फ द प्लेव्हिट्झ हा युरोपीय गृहस्थ स्वतः एका मळ्याची व्यवस्था पाहत असे. त्याने मजुरांच्या तक्रारी मांडणारा अर्ज तयार केला आणि 1871 मध्ये त्यावर 9401 जुन्या मजुरांनी सह्या व निशाण्या केल्या. पासाशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल टाकता येत नाही अशा अवस्थेत एवढ्या माणसांनी स्वतःचे नाव सरकारदरबारी कळवणे ही साधी गोष्ट नव्हती. मळेवाले प्लेव्हिट्झवर तुटून पडले. पण गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी अर्जाची दखल घेतली, 1872 मध्ये फ्रिअर आणि विल्यमसन हे दोन शाही आयुक्त बेटावर आले, त्यांच्या अहवालाने पोलिसांचा जुलूम उजेडात आणला आणि 1878 मध्ये कायदा बदलावा लागला.

आपल्या बाजूचा धागाही इथेच आहे. गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च 1912 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात गिरमिट पद्धत सर्वस्वी बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो फेटाळला, पण पाच वर्षांनी ही भरती थांबवणे सरकारला भाग पडले. ज्या जिल्ह्यातून माणसे गेली त्याच जिल्ह्याचा सुपुत्र त्यांच्यासाठी उभा राहिला, हे मी वर्गात कधी सांगितले नाही याची मला आज खंत वाटते.

चार वर्षांपूर्वी मॉरिशसला गेलो असता वाक्वा येथील एका मराठी कुटुंबाने आम्हां उभयतांना जेवायला बोलावले. घरातल्या आजींना गणपतीची आरती तोंडपाठ होती, बाकी बोलणे क्रिओल भाषेत आणि नातवामार्फत. जेवण झाल्यावर त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक उतारा काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जुन्या नोंदवह्या आणि फोटो सांभाळून ठेवले आहेत आणि वंशजांना त्यांचे उतारे मिळतात. फोटोत उघड्या अंगाचा, कॅमेऱ्याकडे घाबरून पाहणारा विशीतला मुलगा होता. खाली नंबर, बापाचे नाव, डाव्या हातावरच्या व्रणाची नोंद. या मुलाचे पाळण्यातले नाव हेच आज सबंध घराचे आडनाव झाले आहे. गावाच्या रकान्यात मात्र कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत लिहिलेले एक अक्षरजाळे होते. आजींनी माझ्याकडे पाहून मराठीत एवढेच विचारले, “गाव कुठला?” मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचले. जिल्हा रत्नागिरी आहे एवढे लागले. गाव लागला नाही.

मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये असताना तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या नागरिकांना ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, कार्ड देण्याची घोषणा केली. सहा-सात पिढ्यांमागचा पूर्वज सिद्ध करायचा तर त्या कुटुंबांपाशी बहुधा हाच एक पुरावा असतो: माणसाला पकडता यावे म्हणून केलेली नोंद आणि काढलेला फोटो. म्हणून त्या नोंदी नीट वाचल्या जाणे आता निकडीचे झाले आहे. बिहार आणि उत्तर प्रदेशातील गावे शोधत येणाऱ्या वंशजांच्या बातम्या आपण वाचतो. कोकणातील गावांचा असा शोध क्वचितच लागतो. गाव ओळखायला इंग्रजी अक्षरांमागचा कोकणी उच्चार कानाला माहीत असावा लागतो, आणि तो कान इथे आहे, मोकात नाही.

यासाठी माझी राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाला आपल्या पत्राद्वारे विनंती आहे. मुंबईच्या पुराभिलेखागाराने महात्मा गांधी संस्थेशी रीतसर करार करून मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांच्या नोंदींच्या प्रती मागवाव्यात. त्यांतील गावांची नावे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा येथील महसुली गावांच्या याद्यांशी ताडून पाहावीत. या कामी स्थानिक महाविद्यालयांतील इतिहासाचे विद्यार्थी आणि माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामूल्य बसायला तयार आहेत. आमच्या तालुक्यातून आम्ही पाच जणांनी तशी तयारी जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवली आहे. वाक्वाच्या त्या उताऱ्याची छायाप्रत माझ्यापाशी आहे. ती मी या पत्रासोबत जोडत आहे, व्यक्तीचे नाव झाकून आणि गावाचे नाव तसेच ठेवून. शक्य असल्यास ते आपण छापावे. कोणा वाचकाला ते वाचता आले तर मला आजींना कळवता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, रत्नागिरी